उजवा हात गेला, डाव्या हाताने ग्रंथ पुरा झाला
महात्मा फुले यांच्या अखेरच्या आजारपणाची कहाणी

कोरेगाव (प्रतिनिधी) - साताऱ्याहून पंढरपूरच्या दिशेने निघाले, की घेवड्यासाठी प्रसिद्ध असलेले कोरेगाव लागते. तेथून पुढे पुसेगाव, आणि त्याच परिसरात खटाव तालुक्यातील कटगुण. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे हे मूळ गाव. जोतीरावांची शाळा, त्यांनी खुला केलेला हौद, त्यांचा सत्यशोधक समाज हे सारे या भागातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यांच्या आयुष्याची अखेरची सव्वादोन वर्षे मात्र बहुतेक चरित्रपर भाषणांत दोन वाक्यांत उरकली जातात. वास्तविक त्या काळात या माणसाने जे केले, ते त्यांच्या आधीच्या कोणत्याही कार्याहून कमी मोलाचे नव्हते. शरीराची उजवी बाजू लुळी पडलेली असताना त्यांनी डाव्या हाताने लेखणी धरली आणि आपला शेवटचा ग्रंथ लिहून संपवला.

आमच्या भागात या आजाराला लोक अजूनही 'अंगावरून वारे गेले' असेच म्हणतात. शहरात त्याला पक्षाघात, अर्धांगवायू किंवा लकवा अशी नावे आहेत. डॉक्टर मंडळी 'स्ट्रोक' म्हणतात. नाव कोणतेही घेतले, तरी घडते ते मेंदूत, हातापायात नव्हे. ही साधी गोष्ट समजायला वैद्यकशास्त्राला शतके लागली आणि सामान्य माणसाला ती अजूनही पुरती पटलेली नाही. म्हणूनच लुळ्या पडलेल्या हाताला तेल चोळत बसण्यात आजही लाखमोलाचे तास वाया जातात.

कटगुण ते पुणे

फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. जोतीरावांचे पणजोबा कटगुणला चौगुला होते. गावच्या कुळकर्ण्याशी वितुष्ट आल्याने त्यांना गाव सोडावे लागले आणि हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीला आले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे आजोबा शेटिबा यांची तीन मुले पुण्यात आली. राणोजी, कृष्णा आणि गोविंद या तिघा भावांनी फुलांचा व्यवसाय धरला. पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरवता पुरवता त्यांना ३५ एकर जमीन इनाम मिळाली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. थोरल्या राणोजीने ती जमीन स्वतःकडेच ठेवली, तेव्हा धाकट्या गोविंदरावांनी भाजीपाल्याचे दुकान टाकले. कुळकर्ण्याशी भांडण आणि भावकीत जमिनीचा वाद! सातारा जिल्ह्यातील कोणत्याही शेतकरी कुटुंबाचा इतिहास याहून फार वेगळा नसतो.

गोविंदराव आणि चिमणाबाई यांच्या पोटी ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला. मूल वर्षाचे होते न होते तोच आई गेली. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना आईच्या मायेने वाढवले. मधल्या काळात शाळा सुटली, मुलगा शेतीच्या कामाला लागला. गफार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळवले नसते, तर पुढचा इतिहास घडलाच नसता. १८४० मध्ये सातारा जिल्ह्यातील नायगावच्या खंडोजी नेवसे पाटील यांची कन्या सावित्री हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले.

शाळेबरोबरच तालीमही होती. लहूजी वस्ताद साळवे यांच्या आखाड्यात त्यांनी दांडपट्टा आणि नेमबाजीचे धडे घेतले. ही बाब येथे मुद्दाम सांगायची ती अशासाठी, की जोतीराव हे केवळ पुस्तकी माणूस नव्हते. त्यांचे शरीर कमावलेले होते आणि पुढील चाळीस वर्षे त्यांनी ते कामाला जुंपले. १८४८ मध्ये भिडेवाड्यातील मुलींची शाळा, त्यापायी वडिलांचे घर सोडावे लागणे, १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात झालेला सत्कार, १८५६ मध्ये मारेकरी घरात शिरण्याचा प्रसंग आणि त्यांपैकी धोंडीराम कुंभार यांचे पुढे जोतीरावांचाच अनुयायी होणे, १८६३ मध्ये सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना - हा क्रम वाचकांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही.

त्यांच्या आयुष्याची दुसरी, काहीशी दुर्लक्षित बाजू मात्र सांगायला हवी. जोतीराव कंत्राटदार होते. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी दगड आणि बांधकामाचे साहित्य पुरवले. मजुरांमध्ये वावरणे, कामावर देखरेख, हिशेब, सरकारी अधिकाऱ्यांशी हुज्जत हे सारे त्यांनी केले. सामाजिक कार्याचा खर्च मुख्यतः या उत्पन्नातून चाले. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी आणि सावित्रीबाईंनी अन्नछत्रे चालवली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली, १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. जे कमावले ते कार्यात गेले. संचय असा उरला नाही. आजारपणात ही गोष्ट जाणवणार होती.

१८८८ चे वर्ष

हे वर्ष उजाडले तेव्हा जोतीराव एकसष्टीत होते. २ मार्च रोजी त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. सारे निमंत्रित उंची पोशाखात आले असताना जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात तेथे गेले. हिंदुस्थानची खरी रयत दागिन्यांनी मढलेल्या या मंडळींत नसून खेड्यापाड्यांत राहते, हे त्यांनी राणीच्या मुलाला भर सभेत सांगितले. त्यानंतर ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात त्यांचा जाहीर सत्कार झाला आणि रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी अर्पण केली.

मार्चमध्ये राजपुत्रासमोर ताठ उभा राहिलेला माणूस, मेमध्ये महात्मा झालेला माणूस, जुलैमध्ये अंथरुणाला खिळला. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू निकामी झाली.

त्या वेळी वैद्यकशास्त्र कोठे होते? मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, हे जर्मन शास्त्रज्ञ व्हिर्शो यांनी त्याआधी तीस वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. बोलण्याचे केंद्र बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात असते, हे फ्रान्समधील ब्रोका यांनी १८६५ मध्ये सांगितले होते. मात्र दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे उपकरण १८९६ मध्ये आले. अॅस्पिरिन बाजारात आले ते १८९९ मध्ये. जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र दाखवणारे सीटी स्कॅन तर १९७१ मध्ये लंडनमध्ये प्रथम वापरले गेले. म्हणजे जोतीरावांना झटका आला तेव्हा त्यांचा रक्तदाब मोजणे शक्य नव्हते, झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे ओळखणे शक्य नव्हते आणि ओळखता आले असते तरी देण्याजोगे औषध नव्हते. विश्रांती, शुश्रूषा आणि वाट पाहणे, एवढेच हाती होते.

शुश्रूषेच्या बाबतीत जोतीराव भाग्यवान ठरले. त्यांचे डॉक्टर होते विश्राम रामजी घोले. पुण्याच्या घोले रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव आठवते, कोण जाणे. घोले हे त्या काळातील नामांकित शल्यविशारद. व्हाइसरॉयचे मानद सर्जन असा त्यांचा सन्मान झाला होता. सत्यशोधक समाजाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले होते. अकाली गेलेल्या आपल्या लाडक्या मुलीच्या स्मरणार्थ त्यांनी पुण्यात हौद बांधला, तोच बाहुलीचा हौद. अशा माणसाने मित्राच्या उशाशी बसून उपचार केले आणि जोतीराव त्या झटक्यातून वाचले. उजवा हात मात्र परत आला नाही.

मेंदूतील ग्रहण

त्या जुलैत जोतीरावांच्या मेंदूत काय घडले असेल, याचे सर्वसाधारण चित्र आज रेखाटता येते. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. साठा करून ठेवण्याची सोय त्याच्याकडे जवळपास नाही. हातावर पोट असलेल्या मजुरासारखी त्याची गत असते. रक्ताचा पुरवठा थांबला, की काही मिनिटांत उपासमार सुरू होते. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. तेव्हा उजवी बाजू गेली याचा अर्थ आघात डावीकडे झाला होता.

पेशी मरते ती केवळ उपासमारीने नव्हे, आणि येथेच गेल्या पन्नास वर्षांतील संशोधनाची खरी कथा सुरू होते. प्राणवायू संपलेल्या पेशीतून ग्लुटामेट नावाचे रसायन बाहेर सांडते. एरवी हे रसायन पेशींमधील निरोप्याचे काम करते. प्रमाणाबाहेर सांडले, की ते शेजारच्या पेशींना नको इतके उत्तेजित करते, त्यांची दारे उघडतात आणि कॅल्शियम आत घुसते. आत घुसलेले कॅल्शियम पेशीतील पाचक द्रव्यांना जागे करते आणि पेशी स्वतःलाच पचवू लागते. एका घराला लागलेली आग वाऱ्याबरोबर आळीभर पसरावी, तसा हा प्रकार. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन ओल्नी यांनी या अतिउत्तेजनाने होणाऱ्या मृत्यूची कल्पना १९६९ मध्ये मांडली.

मात्र सारी आळी एकाच वेळी जळत नाही. गुठळीच्या अगदी पुढचा भाग लवकर मरतो. त्याभोवती एक पट्टा असतो, त्याला आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांतून थोडेफार रक्त मिळत राहते. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २० च्या खाली गेले की पेशींचे काम बंद पडते, १० च्या खाली गेले की त्या मरू लागतात. या दोहोंमधल्या पेशी गप्प झालेल्या असतात, पण जिवंत असतात. शास्त्रज्ञांनी या पट्ट्याला नाव दिले ते ग्रहणाच्या भाषेतले - उपच्छाया. पूर्ण काळोखाच्या कडेचा तो अंधुक भाग. रक्त वेळेत परतले तर ग्रहण सुटते. नाही परतले तर तोही भाग काळोखात जातो. अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला, की मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या रुग्णाच्या मेंदूतील सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला नष्ट होतात. तासाचा हिशेब केला तर आकडा सुमारे १२ कोटींवर जातो.

मग या उपच्छायेतील पेशींना औषध देऊन तगवता येईल का? रक्त परत येईपर्यंत त्यांच्याभोवती कवच उभारता येईल का? ही कल्पना इतकी मोहक होती, की जगभरच्या प्रयोगशाळा तिच्यामागे लागल्या. ग्लुटामेटची दारे बंद करणारी औषधे, कॅल्शियम रोखणारी औषधे, विषारी कण टिपणारी औषधे, मेंदू थंड करण्याचे उपाय. मेलबर्नच्या संशोधकांनी २००६ मध्ये मोजदाद केली तेव्हा अशा १०२६ उपायांची नोंद झाली. उंदरांमध्ये शेकडो यशस्वी ठरले, माणसांत मात्र निराशा पदरी आली. एनएक्सवाय-०५९ या औषधाने २००६ मधील पहिल्या मोठ्या चाचणीत आशा दाखवली. दुसऱ्या वर्षी तीन हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत ती मावळली.

कारणे शोधली गेली. प्रयोगशाळेतील उंदीर तरुण आणि निरोगी; माणूस मात्र साठी-सत्तरीचा, रक्तदाब आणि मधुमेह अंगावर बाळगणारा. उंदराला औषध काही मिनिटांत मिळे, माणसाला काही तासांनी. शिवाय जेथे रक्तच पोचत नाही, तेथे रक्तातून दिलेले औषध तरी कसे पोचणार? मेंदूच्या पेशी वाचवण्याचे सिद्ध झालेले उपाय शेवटी वेगळ्याच वाटेने आले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन १९९५ मधील चाचणीने मान्य झाले. आरंभी त्याची मुदत तीन तास होती, २००८ मध्ये ती साडेचार तासांपर्यंत वाढली. मांडीतील किंवा मनगटातील रक्तवाहिनीतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याच्या पद्धतीवर २०१५ मध्ये शिक्कामोर्तब झाले आणि निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, हे २०१८ मध्ये दिसून आले. आग विझवायची तर पाण्याची वाट मोकळी करा, असा हा सरळ मार्ग.

पेशींच्या कवचाची कल्पना तरीही कोणी टाकून दिलेली नाही. एडाराव्होन हे औषध जपानमध्ये २००१ पासून वापरात आहे. नेरिनेटाइड या औषधाची ११०५ रुग्णांवरील चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण निकाल अपेक्षाभंग करणारा होता. गुठळीविरोधी इंजेक्शन न घेतलेल्या गटात मात्र लाभाची चिन्हे दिसली. रक्तवाहिनी उघडता येऊ लागल्याने औषध आता इच्छित जागी पोचू शकते, म्हणून संशोधकांनी जुन्या प्रश्नाला नव्याने हात घातला आहे.

उरलेल्या मेंदूची कमाई

जोतीरावांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. ज्या पेशी गेल्या त्या गेल्या. पण ज्या वाचल्या, त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. डाव्या बाजूच्या आघातात बोलणे आणि लिहिणे-वाचणेही जाण्याचा धोका मोठा असतो. शब्द आठवत नाहीत, आठवले तर उमटत नाहीत. जोतीरावांची भाषा शाबूत राहिली याचा पुरावा म्हणजे त्यांचा ग्रंथच होय. डावा हात मेंदूचा उजवा भाग चालवतो. एकसष्ट वर्षे ज्या हाताने लेखणी धरली नाही, त्या हाताला अक्षरे गिरवायला शिकवायची म्हणजे मेंदूच्या निरोगी भागाला नवे वळण लावायचे. मेंदू म्हातारपणीही नव्या वाटा पाडू शकतो, हे शास्त्राने मान्य केले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जोतीरावांनी ते पुण्यातल्या आपल्या घरी, कोणत्याही व्यायामतज्ज्ञाशिवाय करून दाखवले.

घाई करण्याचे कारण होते. सत्यशोधक समाज पंधरा वर्षांचा झाला होता, पण त्याचा विचार एका ग्रंथात मांडलेला नव्हता. लग्न कसे लावावे, मृताचा संस्कार कसा करावा, देव कोणता मानावा, पाप-पुण्य कशाला म्हणावे, हे प्रश्न खेड्यापाड्यांतील अनुयायांना रोज पडत. भटजीला न बोलावता लग्न लावणारा कटगुण-कोरेगावकडचा शेतकरी असो की जुन्नरचा, त्याच्या हातात काहीतरी लिखित हवे होते. ते न लिहिता जोतीराव गेले असते, तर मागे राहिलेल्यांनी ज्याला जे सुचेल ते सांगितले असते. ग्रंथाचे नाव 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. संवादाच्या रूपात लिहिलेल्या या पुस्तकात त्यांनी सर्वांचा निर्माता म्हणून 'निर्मिक' मानला. स्त्री-पुरुषांची समानता, जातिभेदाचा निषेध, दैव आणि नीती, आकाशातील ग्रहांची माणसाच्या नशिबावर सत्ता नसणे, जन्म, लग्न, मृत्यू अशा विषयांवर त्यांनी लिहिले. दैवावरील भाग वाचताना हे कोणत्या अवस्थेतील माणूस लिहितो आहे, याची आठवण ठेवली तर त्याचे वजन वेगळेच जाणवते. पक्षाघात झालेल्या माणसाला पूर्वकर्माचा भोग म्हणून गप्प बसवणारे सभोवती कमी नव्हते.

मध्यंतरी घरात मंगलकार्यही झाले. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला होता, तो यशवंत. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्याचा विवाह ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने झाला. वडिलांची उजवी बाजू लुळी, पुस्तकाचे काम चालू आणि त्यातच पुस्तकात सांगितलेला विवाहविधी घरात प्रत्यक्ष पार पडतो. एप्रिल १८८९ मध्ये ग्रंथ पूर्ण झाला. झटका आल्यापासून नऊ महिने लोटले होते.

ग्रंथ पुरा झाला, पण छापायला पैसे नव्हते. कंत्राटदारीचे दिवस संपलेले, औषधपाण्याचा खर्च चालू आणि यशवंतचे शिक्षण व्हायचे होते. जोतीरावांचे स्नेही मामा परमानंद यांनी १८९० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे मदतीसाठी शब्द टाकला. महाराजांची मदत आली, ती पुढे सावित्रीबाईंच्या उपयोगी पडली. हजारो रुपयांची कामे केलेल्या आणि नगरपालिकेत बसलेल्या माणसाच्या घरी ही वेळ यावी, याचे आश्चर्य वाटते. पण त्यांचा जमाखर्च पाहिला तर वाटत नाही.

येथे थोडे विषयांतर. प्रस्तुत प्रतिनिधीच्या आजोबांच्या अंगावरून एका पहाटे वारे गेले. तोंड वाकडे झाले, हातातून तांब्या निसटला. घरच्यांनी आधी तेल गरम केले, मग जाणत्याला बोलावणे पाठवले, मग कोणीतरी कबुतराच्या रक्ताचा उपाय सुचवला. दवाखान्याची वाट धरेपर्यंत दुपार झाली होती. आजोबा पुढे सहा वर्षे जगले, पण कोणाचे नाव त्यांच्या तोंडून कधी नीट उमटले नाही. जोतीरावांच्या काळी उपचारच नव्हते; आजोबांच्या वेळी ते शहरात होते, घरात मात्र त्यांची कोणाला माहिती नव्हती. तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे ही तीन लक्षणे दिसताच सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठायचे आणि तोवर रुग्णाला तोंडाने काही द्यायचे नाही, एवढे कळले असते तरी पुरे होते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली. गंभीर आजारांचा खर्च उचलणाऱ्या राज्य शासनाच्या योजनेला २०१७ पासून नाव आहे ते महात्मा जोतिराव फुले यांचेच.

२८ नोव्हेंबर १८९०

शेवटच्या महिन्यांत प्रकृती खालावत गेली. २७ नोव्हेंबरची रात्र उलटल्यावर, २८ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास जोतीरावांची प्राणज्योत मालवली. आपला देह पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी घराजवळ खड्डाही तयार ठेवलेला होता. वस्तीतील जागा म्हणून नगरपालिकेने परवानगी नाकारली. ज्या नगरपालिकेत ते सहा वर्षे बसले, तिचाच हा निर्णय. अखेर दहन करावे लागले. टिटवे कोणी धरायचे यावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवे हाती घेतले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्या काळी एखाद्या स्त्रीने असे करणे महाराष्ट्राने पाहिलेले नव्हते. अस्थी घरी आणून घराच्या आवारात ठेवण्यात आल्या. जमिनीत विसावण्याची त्यांची इच्छा निदान तेवढी पुरी झाली.

'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ मध्ये यशवंत यांनी प्रसिद्ध केले. उजवा हात गेल्यानंतर वडिलांनी हे डाव्या हाताने लिहिले, ही हकीकत वाचकांपर्यंत आली ती त्यांच्यामुळेच. यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.